मास्तरांच्या कार्डाचं सील

१

शटर वर गेलं, दिवे लागले, आणि चहा यायच्या आतच सर्व्हिस सेंटरमध्ये बोंब उठली. मागच्या खोलीत जाळीचं एक कपाट होतं, तिथली माणसं त्याला पिंजरा म्हणत. त्या पिंजऱ्यात ठेवलेल्या एका ग्राफिक्स कार्डाचं सील सुटलं होतं. काल संध्याकाळी ते जागच्या जागी होतं. पिंजऱ्याचं कुलूप मात्र जसंच्या तसं. मॅनेजरांनी ते कार्ड मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं आणि तडक हेड ऑफिसला फोन लावला.

नखाएवढ्या कागदी चकतीपायी एवढा गहजब कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या धंद्यात त्या चकतीला फार मान. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रं काढणारा भाग. त्याच्या पाठीवर, बरोबर चिपच्या मागे, एक स्क्रू असतो आणि त्या स्क्रूवर हे सील. स्क्रू काढल्याशिवाय कार्ड उघडत नाही. तेव्हा सील जागेवर असेल तर कार्डाला कुणी हात लावलेला नाही, आणि नसेल तर लावला आहे, असा कंपनीचा सरळ हिशेब. काउंटरच्या वर तशी पाटीच होती : 'सील नाही, तर वॉरंटी नाही.'

त्यात हे कार्ड तर विशेष. एक निवृत्त मास्तर ते तीनदा घेऊन आले होते. फार तापतं आणि पडदा काळा होतो, ही त्यांची तक्रार. तीनदा तपासलं, तीनदा काही सापडलं नाही. मास्तर हट्टाला पेटले, पत्रावर पत्रं लिहिली, आणि शेवटी कारखान्यानेच सांगितलं, कार्ड न उघडता आमच्याकडे पाठवा. म्हणून मास्तरांनी ते काल पुन्हा आणून दिलं होतं, आणि आज संध्याकाळी कुरिअरवाला ते न्यायला येणार होता.

हेड ऑफिसने आत्यांना पाठवलं.

आत्या म्हणजे तिथे कुणाच्या सख्ख्या आत्या नव्हेत. त्या कंपनीच्या तपासनीस. पन्नाशी कधीच ओलांडलेली, पायांत आवाज न करणाऱ्या चपला. न सांगता येत, आल्या आल्या कोपऱ्यातली कोळिष्टकं त्यांना दिसत, सगळ्यांचे कान उपटून झाले की एकेकाच्या तब्येतीची चौकशी करत, म्हणून शाखाशाखांतून त्यांना हे नाव पडलं होतं. तोंडावर सगळे मॅडम म्हणत. आत्यांना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच जास्त आवडायचं.

"मॅडम, यात तपासायचं काय आहे?" मॅनेजर म्हणाले. ते दिवसभर पित्ताच्या गोळ्या चघळत. माणूस वाईट नव्हता, पण वरून रोज विचारणा होई, किती तक्रारी मिटवल्या, आणि त्या प्रश्नाने त्यांची झोप उडवली होती. "पिंजऱ्याच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, एक दुरुस्तीच्या टेबलावर, घड्याळजींकडे. मी काही उघडलं नाही."

"घड्याळजी कशाला उघडतील?"

"तीनदा त्यांनीच 'दोष आढळला नाही' म्हणून कार्ड परत केलं. उद्या कारखान्यात दोष निघाला असता तर त्यांची अब्रू गेली असती. उघडलेलं कार्ड कारखाना हातात घेत नाही. म्हणजे बसा बोंबलत." मॅनेजरांनी टेबलाचा खण ओढून एक पांढरं पाकीट दाखवलं. "पत्र तयार आहे. कुरिअरवाला यायच्या आत तुम्हाला दुसरं काही सापडलं नाही, तर संध्याकाळी घड्याळजींना घरी पाठवतो."

हिशेब चोख होता. पण ज्या माणसाच्या नावावर तो मांडला होता, त्याला आत्या फार वर्षं ओळखत होत्या.

२

घड्याळजी हे काही त्यांचं नाव नव्हे. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, ते कार्डावरच्या मोहरीएवढ्या भागाला डाग देत, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. आत्या खोलीत गेल्या तेव्हा ते आपल्या टेबलाशी बसून होते, काम न करता. टेबलावर एक उघडा मदरबोर्ड ताटासारखा सपाट मांडलेला होता. त्यात तपासायचं एक कार्ड फडताळातल्या पुस्तकासारखं उभं खोचलेलं, आणि त्याचे पंखे उगाच गरगरत होते.

"तुम्ही उघडलंत का?" आत्यांनी सरळ विचारलं.

"नाही."

"किल्ली कुठे होती?"

"माझ्याजवळच." घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि रुमालाने पुसायला घेतलं.

"रात्रभर?"

"हो." भिंग आधीच लखलखीत होतं, तरी ते पुसतच राहिले.

आत्यांनी मनात खूणगाठ बांधली. या माणसाला खोटं बोलता येत नाही, आणि आत्ता तो खोटं बोलतो आहे.

मास्तरांचं कार्ड त्यांनी हातात घेतलं, घड्याळजींचं भिंग मागून घेतलं आणि पाठीवरचा तो स्क्रू पाहिला. खाच स्वच्छ होती, कुठे ओरखडा नाही. "स्क्रूला तर कुणी धक्का लावलेला दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"हात चांगला असेल तर ओरखडा पडत नाही."

"म्हणजे किती चांगला?"

"माझ्याइतका," घड्याळजी म्हणाले. स्वतःच्या गळ्यात स्वतःच फास घालणारा असा आरोपी आत्यांनी आधी पाहिला नव्हता. त्यांना घड्याळजींचा रागही आला आणि कीवही.

कार्ड ज्या पिशवीत होतं, तिच्या कोपऱ्यात सील पडलेलं होतं. अख्खं, कुठेही न फाटलेलं, कडा वर वळलेल्या, आणि मागचा गोंद जुन्या चिकटपट्टीसारखा पिवळा पडलेला. आत्यांनी ते चिमट्याने उचलून एका डबीत ठेवलं.

"तीनदा तपासलंत ना?"

"तीनदा. प्रत्येक वेळी दिवसभर चालवलं. एकदाही गरम झालं नाही. मास्तरांना मी तोंडावर सांगितलं, दोष तुमच्या घरात आहे, कार्डात नाही." घड्याळजींनी गरगरणारे पंखे बंद केले. "माझी धाकटी अजून शिकते आहे हो, मॅडम. या वयात मला दुसरीकडे कोण टेबल देणार?"

आत्यांनी डबीचं झाकण लावलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, सील सुटल्याचं ऐकून मास्तर आले आहेत, आणि आज ते ऐकून घेणार नाहीत.

३

मास्तर भांडायला आले होते, पण आत्यांनी समोर खुर्ची ओढून "बसा, मला पहिल्यापासून सांगा" म्हटल्यावर त्यांचं अवसानच गळालं. इतक्या महिन्यांत कुणी त्यांना पहिल्यापासून विचारलंच नव्हतं.

त्यांनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती. आता लांबच्या आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी ते कॉम्प्युटरवर हलते धडे करत. त्रिकोण वळतो, गोल उलगडतो, पोरं अंथरुणावर पडल्या पडल्या बघतात. "आणि माझा त्रिकोण अर्धा वळला की पडदा काळा," मास्तर म्हणाले. "पोरं विचारतात, आजोबा, पुढचं कधी? काय सांगू त्यांना?"

"कंपनीने काय सांगितलं?"

"फोनवरचा मुलगा म्हणाला, धूळ काढा. काढली. म्हणाला, पंखा लावा. लावला. मग म्हणाला, खोली थंड ठेवा. मी म्हटलं, बाबा रे, मी स्वेटर घालून बसलोय, आता आणखी किती थंड ठेवू?"

आत्यांना हसू आलं. "तुम्ही स्वतः कार्ड उघडून पाहिलंत का हो? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"मी? माझ्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला तरी मी दुकानात जातो. आणि हे तर काल इथे दिलं तेव्हा काउंटरवरच्या वहिनींनी सील पाहून घेतलं होतं की." मास्तरांनी कपाळाला हात लावला. "गंमत अशी, की घरात एकदाच ते नीट चाललं. रंगकाम निघालं होतं, टेबल बाहेर काढलं, म्हणून कॉम्प्युटर पलंगावर आडवा करून ठेवला. वायर पुरत होत्या, तसाच चालू केला. अख्खी दुपार चालला. आमची ही म्हणाली, तुमच्यासारखाच आहे, लोळायला मिळालं की कुरकुर नाही."

जवळपासचे सगळे हसले. आत्याही हसल्या. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं, पण का थांबलं हे त्यांनाही लगेच कळलं नाही. काहीतरी टोचलं होतं एवढं खरं.

"तुम्ही संध्याकाळपर्यंत इथे थांबाल?" त्यांनी विचारलं. "आणि तो त्रिकोणाचा धडा जवळ आहे का?"

मास्तरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून दाखवला. तो ते किल्लीसारखा कायम जवळ बाळगत.

४

काउंटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. गिऱ्हाइकांची बोलणी त्या खात, कंपनीचीही खात, आणि तरी आलेल्याला आधी पाणी विचारत. आज त्यांच्या चेहऱ्यावर रया नव्हती. आत्या काउंटरशी आल्या तेव्हा त्या पावती लिहीत होत्या, आणि पेन नीट धरता येत नव्हतं. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या.

"बोटांना काय झालं?"

"स्टेपलर लागला."

स्टेपलर एका बोटाला चावतो हे आत्यांना माहीत होतं. तीन बोटांना एकदम चावणारा स्टेपलर त्यांनी पाहिला नव्हता. पट्टीच्या कडेला पांढरं मलम दिसत होतं, आणि तसलं मलम कापल्यावर लावत नाहीत. पण आत्यांनी तो विषय तिथेच सोडला. त्यांची नजर वहिनींच्या मागे गेली.

मागे एक मोठा नमुन्याचा कॉम्प्युटर उभा होता, एका बाजूला काच, आत रंगीत दिवे. गिऱ्हाइकांना भुलवायला त्याच्या पडद्यावर सकाळपासून एक मोटार धावत असे आणि कुठेच पोचत नसे. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. आत्यांना अर्थातच आधी धूळ दिसली.

"ही धूळ कधी पुसली होती?"

"पुसायची राहिलीये, मॅडम," वहिनी म्हणाल्या, आणि एवढ्याशा प्रश्नाने त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. धुळीवरून आत्या बोलणारच हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याने कुणी असं घाबरत नाही.

आत्यांनी काचेला डोळा लावला. आत सगळीकडे धुळीची साय जमली होती, मदरबोर्डावर, वायरींवर, कपारीकपारीत. फक्त मधोमध आडवं बसलेलं ग्राफिक्स कार्ड स्वच्छ होतं, आणि त्याच्या कडेवर बोटांचे ठसे होते. ते कार्ड कुणीतरी नुकतंच बाहेर काढून परत बसवलं होतं.

"काल तुम्ही शेवटी गेलात का?" आत्यांनी हळू विचारलं.

वहिनींनी पावतीकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे. "घड्याळजींनी काही सांगितलं का?"

"तुम्ही सांगा."

"मला काही ठाऊक नाही," वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर त्यांनी गरज नसताना जोरात पुकारला.

५

आत्या मागच्या खोलीत आल्या आणि त्यांनी घड्याळजींना एक भंगार कार्ड आणि एक नवंकोरं सील मागितलं. सील चिकटवलं, दाबून बसवलं, आणि मग नखाने सोललं. धातूवर बुद्धिबळाच्या पटासारखे बारीक चौकोन उमटले. सील मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. सोललं की चौकोन मागे राहतात, म्हणजे पुन्हा चिकटवून फसवता येत नाही.

मग त्यांनी मास्तरांच्या कार्डाचा स्क्रू पुन्हा पाहिला. भिंग डोळ्याला लावून, उजेडात तिरकं धरून. एकही चौकोन नव्हता.

"घड्याळजी, हे कुणी सोललेलंच नाही."

"सोललं नाही, मग सुटलं कसं?"

"गरम हवेची ती बंदूक द्या."

घड्याळजींच्या कामात गरम हवा सोडणारं हत्यार नेहमीचंच. आत्यांनी दुसरं सील चिकटवलं आणि त्यावर बऱ्याच अंतरावरून गरम हवा धरली. आधी काही झालं नाही. त्या कंटाळल्या नाहीत, धरून बसल्या. हळूहळू सीलाच्या कडा वर आल्या, गोंद पिवळा पडला, आणि कार्ड उभं करून टेबलावर टेकवताच सील टपकन खाली पडलं. मागे चौकोन नाही, काही नाही.

घड्याळजींनी ते उचललं आणि डबीतल्या सीलाशेजारी धरलं. दोन्ही जुळ्या भावंडांसारखी होती.

"म्हणजे हे महिनोन् महिने तापत होतं," ते अगदी हळू बोलले, "आणि काल शेवटचं तापलं."

"काल. आणि पिंजऱ्यात तर विजेचं बटणसुद्धा नाही." आत्यांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "काल किल्ली कुणाकडे होती, घड्याळजी?"

घड्याळजींचा हात भिंगाकडे गेला. पण बाहेरून मॅनेजरांचा आवाज आला, कुरिअरवाला आलाय, आणि दार उघडून ते पांढरं पाकीट हातात घेऊन आत आले.

६

"वेळ संपली, मॅडम," मॅनेजर म्हणाले. त्यांनाही हे आवडत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी पाकीट पुढे केलं. घड्याळजींनी ते घेण्यासाठी हात पुढे केला.

"आत्या, थांबवा ना त्यांना," दारातून वहिनी म्हणाल्या. आपण काय हाक मारली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "किल्ली माझ्याकडे होती. सगळं मी केलंय."

घड्याळजींनी डोळे मिटले. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. काल घड्याळजींना धाकटीला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून नियम मोडून ते पिंजऱ्याची किल्ली वहिनींना देऊन लवकर गेले. वहिनींवर काही येऊ नये म्हणून सकाळपासून ते गप्प होते. आणि वहिनी?

"मास्तर काल कार्ड देऊन गेले ना, तेव्हा रडले हो," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, तुमच्यापैकी एकानेही ते माझ्या घरातल्यासारखं चालवून पाहिलं नाही. मला राहवलं नाही. सगळे गेल्यावर मी काउंटरमागच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड काढून तिथे हे घातलं आणि मोटार लावली. थोडा वेळ बरं चाललं. मग पंखे असे ओरडायला लागले, आणि पडदा काळा. मी घाबरून तसंच उपसलं, तर हात भाजला. वाटलं, मीच जाळलं ते. पिशवीत घालून पिंजऱ्यात ठेवलं आणि पळाले."

"आणि यांना नोकरीवरून काढताना बघत राहिलात?" मॅनेजर म्हणाले.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "सकाळपासून सांगायला येत होते. पाय उचलत नव्हता."

"ते सोडा," आत्या म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही काही जाळलं नाहीत. जे तीन तपासण्यांत कुणाला दिसलं नाही, ते तुम्ही एका संध्याकाळी पाहिलंत. प्रश्न असा आहे की तुमच्याकडे तापलं आणि घड्याळजींकडे का नाही. चला बाहेर."

त्यांनी नमुन्याचा कॉम्प्युटर उघडवला आणि घड्याळजींना मास्तरांचं कार्ड त्यात बसवायला सांगितलं. "मॅडम, ते कारखान्यात जायचंय," मॅनेजर म्हणाले. "मी ते उघडत नाहीये, चालवतेय. गिऱ्हाईक चालवतं तसं," आत्या म्हणाल्या आणि मास्तरांचा पेन ड्राइव्ह लावला.

पडद्यावर त्रिकोण वळू लागला. कोपऱ्यात कार्डाच्या उष्णतेचा आकडा होता. सत्तर. ऐंशी. पंखे गुरगुरले. नव्वद झाले, शंभर झाले, कुरिअरवालासुद्धा आपली घाई विसरून बघत राहिला. एकशे दहाला त्रिकोण अर्ध्यावर थबकला आणि पडदा काळा झाला.

"हेच," मास्तर म्हणाले. "अगदी हेच."

कार्ड निवेपर्यंत सगळे थांबले. मग आत्या म्हणाल्या, "आता मास्तरांच्या पलंगावरची दुपार. घड्याळजी, हा कॉम्प्युटर आडवा करा. बाकी कशाला हात लावू नका."

घड्याळजींनी आणि मॅनेजरांनी मिळून तो जड खोका हळूच कुशीवर निजवला आणि पुन्हा चालू केला. त्रिकोण वळला. आकडा सत्तरच्या पुढे चढला, जरा घुटमळला आणि तिथेच राहिला. त्रिकोण पूर्ण वळला, त्याचा चौकोन झाला, चौकोनाचा गोल झाला. धडा संपला तरी आकडा हलला नाही.

घड्याळजी पडद्याकडे पाहत नव्हते. ते काचेतून आतल्या कार्डाकडे पाहत होते. खोका आडवा झाल्यामुळे आत आडवं बसलेलं कार्ड आता उभं झालं होतं. फडताळातल्या पुस्तकासारखं.

"माझ्या टेबलावर," ते म्हणाले, आणि मागच्या खोलीकडे वळून पाहू लागले.

"सांगा," आत्या म्हणाल्या. हे त्यांच्याच तोंडून यावं असं त्यांना वाटत होतं.

"माझ्या टेबलावर कार्ड नेहमी उभंच असतं. भिंगातून नीट दिसावं, हात पोचावा, म्हणून बोर्ड सपाट ठेवतो आम्ही. पहिल्या दिवसापासून. पण लोकांच्या घरी कॉम्प्युटर उभा असतो, म्हणजे कार्ड आडवं, चिप वर आणि तिला थंड करणारी तांब्याची डबी खाली." ते मॅनेजरांकडे वळले. "त्या बंद डबीत थोडंसं पाणी असतं. चिपच्या उष्णतेने त्याची वाफ होते, वाफ दूर जाऊन निवते, पाणी होऊन परत येते. या कार्डांत पाणी कमी भरलं गेलं असणार. कार्ड उभं असलं की तेवढंही पुरतं. आडवं केलं की पाणी तळाला बसतं आणि वर चिपपर्यंत चढत नाही. डबी कोरडी तापत राहते. मी तीनदा तपासलं, आणि तीनदा मास्तरांच्या घरी जे कधी नसतंच, ते तपासलं."

मॅनेजर खाली बसले. त्यांनी गोळी काढली, पण तोंडात घातली नाही.

"याच बॅचची किती कार्डं आपण सील नाही म्हणून नाकारली?" आत्यांनी विचारलं.

"बरीच. काहींनी चिडून इथेच टाकून दिली आहेत."

वहिनींनी ती खोकाभर कार्डं आणली. घड्याळजी भिंग लावून एकेक पाहत गेले, आणि पाहून झालेलं कार्ड बाजूला ठेवत गेले. प्रत्येक वेळी सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत, आणि प्रत्येक वेळी ते मान हलवत. एकाच्याही स्क्रूवर चौकोन नव्हते. एकही सील कुणी सोललेलं नव्हतं.

"म्हणजे," मॅनेजर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला, "ज्यांचं कार्ड सगळ्यात जास्त तापलं, त्यांनाच आपण खोटं ठरवलं."

७

कुरिअरवाल्याला आत्यांनी आणखी थोडं थांबवलं. मॅनेजरांच्या हातातलं पांढरं पाकीट त्यांनी मागून घेतलं, त्यातलं पत्र काढून मॅनेजरांना परत दिलं, आणि रिकाम्या पाकिटात डबीतलं ते वळलेलं सील घातलं. "कार्डाबरोबर हेही जाऊ दे. कारखान्याला म्हणावं, सील नाही हाच तुमचा दोष असल्याचा पुरावा. विश्वास बसत नसेल तर कार्ड आडवं ठेवून चालवा."

मॅनेजरांनी पत्राच्या चार घड्या घातल्या आणि मग ते फाडून टाकलं. "वरून विचारतील मला," ते म्हणाले.

"विचारू देत. माझं नाव सांगा. दोन्हींपैकी कोणतंही." आत्या वहिनींकडे आणि घड्याळजींकडे वळल्या. "किल्ली कुणी कुणाला दिली, यावर मी तुमच्याशी बोलणार आहे, आणि चांगलंच बोलणार आहे. पण ते उद्या. आज आधी धाकटीची तब्येत कशी आहे ते सांगा, आणि त्या बोटांना कुणीतरी नीट पट्टी बांधा."

घड्याळजींनी धाकटी बरी असल्याचं सांगितलं आणि ते मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातात रुमाल होता, पण भिंग पुसायला त्यांनी तो वापरला नाही.

"मास्तर, दोष तुमच्या घरात नव्हता. मी तुम्हाला तीनदा खोटं पाडलं."

मास्तरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात चूक कबूल करणाऱ्या पोराकडे ते असेच बघत असतील. "दुसरं कार्ड कधी मिळेल?" त्यांनी विचारलं. "पोरं गोलापाशी अडकली आहेत."

"माझं चालतं कार्ड आहे, ते आजच घेऊन जा. मी घरी येऊन बसवून देतो. आणि तिथेच बसून चालवून बघतो, तुमच्या टेबलावर, तुमच्यासारखं."

मग ते काउंटरमागे गेले. नाकारलेल्या कार्डांचं खोकं त्यांनी जवळ ओढलं, पहिल्या कार्डावरच्या चिठ्ठीतला नंबर पाहिला आणि वहिनींना म्हणाले, "फोन इकडे द्या. मीच बोलतो."

पलीकडून एका बाईचा आवाज आला. कंपनीचं नाव ऐकताच ती एका दमात बोलू लागली, इतकी जोरात की आत्यांनाही ऐकू आलं. मी ते उघडलं नव्हतं हो, किती वेळा सांगू, माझ्या मुलांची शपथ घेऊन सांगते, मी हातसुद्धा लावला नव्हता.

घड्याळजींनी तिला पूर्ण बोलू दिलं. ती दमून थांबली, तेव्हा ते म्हणाले, "ठाऊक आहे, ताई. तेच सांगायला फोन केलाय."